पडद्यावर आजारी, कागदावर ठणठणीत

बाईंच्या स्टुडिओतून एकही फोटो त्यांच्या ‘हं’शिवाय बाहेर पडत नसे.

‘हं’ म्हणजे काही भाषण नव्हे. मुलगा संगणकावर फोटो उघडायचा. त्याच्या पाठीमागे उंच स्टुलावर बाई बसलेल्या असायच्या. त्या चष्मा कपाळावर चढवायच्या, मान तिरकी करायच्या, एक डोळा बारीक करायच्या आणि नाकातून तेवढा एक आवाज काढायच्या. आवाज आला की फोटो पास. नाही आला, तर नवरदेवाच्या गालावर अजून काम बाकी आहे असं समजून मुलाने पुन्हा माउस हातात घ्यायचा. मोठमोठ्या सह्या-शिक्क्यांना नसेल एवढा मान त्या घरात या एका हुंकाराला होता, आणि तो तसाच राहावा याची काळजी बाई जातीने घेत.

बाईंची शाळा दुसरीपर्यंत. तिसरीत त्या गेल्या होत्या. पण “तिसरी मला मानवली नाही,” असं त्या एखाद्या गावच्या पाण्याबद्दल बोलावं तसं सांगत. पाटीशी त्यांचं कधी पटलंच नाही. लिहिलेलं जिच्यावरून थुंकी लावून पुसता येतं, तिच्यावर विश्वास कोण ठेवणार? रंगातलं मात्र त्यांना कळतं, हे यजमानांनी स्टुडिओ काढला तेव्हाच सिद्ध झालं होतं. म्हणजे ते सिद्ध झाल्याचं बाईंनीच जाहीर केलं होतं, आणि यजमान शांत स्वभावाचे होते.

गिऱ्हाइकांशी वागण्याची बाईंची पद्धत सरळ होती. कुणी कुरकुरलं, “बाई, हा फोटो काही माझ्यासारखा आला नाही,” की बाई मायेने विचारायच्या, “घरात आरसा नाही वाटतं?” गिऱ्हाईक पाकीट उचलून मुकाट्याने पायऱ्या उतरायचं. शेजारच्या शिंप्याने एकदा आपल्या फोटोत डोक्यावर थोडे केस घालून मिळतील का, असं हळूच विचारलं होतं. त्यालाही त्यांनी हेच विचारलं, आणि तेही दुकानात चार माणसं बसलेली असताना. शिंपी हसला होता. पण शिंप्याची जात, माप एकदा घेतलं की विसरत नाही.

आता या घराचं एक खास शास्त्र होतं. ते असं, की पडद्यावर माणूस जरा आजारी दिसला पाहिजे, तरच तो कागदावर ठणठणीत उतरतो. पडद्यावर गुलाबी दिसलेला माणूस लॅबमधून छापून आला की भाजल्यासारखा लालभडक यायचा. म्हणून मुलगा आधी हौसेने चढवलेली चेहऱ्यावरची लाली उतरवत उतरवत न्यायचा, आणि माणूस पार शेवाळायच्या बेताला आला, बोटीतून नुकताच उतरल्यासारखा दिसू लागला, की मागून आवाज यायचा: हं. दोन दिवसांनी लॅबमधून पाकीट यायचं, त्यात तोच माणूस टवटवीत. असं का होतं, हे कुणी विचारलं नाही. घरातल्या रितीला कारण विचारायची आपल्यात पद्धत नाही.

हे सगळं शास्त्र ज्यावर उभं होतं तो जुना मॉनिटर. त्याला सगळे डबा म्हणत. पुढून चौकोनी तोंड आणि मागे हे एवढं पोट. त्याच्या वजनाने टेबलाला कायमचा खड्डा पडला होता. डब्याच्या डोक्यावर यजमानांचा फोटो, गजराचं घड्याळ, सुईदोऱ्याची डबी आणि मांजर एवढा संसार होता. डबा तापायचा, मांजर झोपायची. रुसला तर त्याला एक थप्पड लागायची, डाव्या कानशिलात, जरा वरून. ती थप्पड फक्त बाईंनाच जमायची. मुलगा मारायचा तेव्हा डबा त्याच्याकडे नुसता बघायचा.

एक दिवस एका नवरीचा फोटो बघताना डब्याने डोळे फिरवले. नवरी आधी उभी लांबली, मग आडवी पसरली, मग एका ठिपक्यात गोळा झाली आणि गेली. नवरीची आई शेजारीच बसली होती, ती किंचाळली. बाईंनी थप्पड मारली. दुसरी मारली. तिसरी इतक्या जोरात मारली की यजमानांचा फोटो उपडा पडला.

“आई, पुरे,” मुलगा म्हणाला. “आता चपटाच घ्यायला हवा.”

“त्या समोरच्याकडे आहे म्हणून?” बाईंनी विचारलं.

खरी जखम ती होती. समोरच्या फुटपाथवरच्या फोटोवाल्याकडे चपटा पडदा येऊन वर्ष झालं होतं, आणि तो त्याने मुद्दाम रस्त्याकडे तोंड करून मांडला होता.

बातमी गल्लीत फुटली आणि सल्ले सुरू झाले. शिंपी हातातली कात्री तशीच घेऊन आला. “बाई, चपटा घेऊ नका. त्यात माणसं आडवी दिसतात. माझ्या मेव्हण्याकडे आहे, सगळे बातम्या देणारे लठ्ठ.” वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर जिन्यातूनच म्हणाले, “डब्यातले किरण वळून येतात, चपट्यातले सरळ डोळ्यांत घुसतात. मी वाचलंय.” कुठे वाचलंय हे त्यांना विचारायचं नसतं. समोरचा फोटोवाला तर सांत्वनालाच आला. डब्याकडे बघून त्याने हात जोडले आणि म्हणाला, “काही अडलं तर आमच्याकडे येऊन बघत जा फोटो. संकोच करू नका.” बाईंनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

शेवटचा शब्द जावयांचा होता. जावई एका ऑफिसात संगणकांच्या खोलीची किल्ली सांभाळायचे, त्यामुळे अख्ख्या नात्यात संगणकाचे वैद्य तेच. ते आले, डब्याला तर्जनीने टकटक केलं आणि म्हणाले, “आई, तुम्ही काळजी करू नका. आमच्या ऑफिसात सगळ्यांकडे आहे तोच आणतो. डोळे झाकून घ्या.”

डोळे झाकून घ्यायची वस्तू फोटोच्या कामाची कशी असेल, ही शंका सूनबाईच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसली. पण जावयाला नाही म्हणता येत नाही. आणि त्यांनी आणलेली वस्तू परतही करता येत नाही. वस्तू त्यांच्याकडे परत गेली, तर मुलगी आपल्याकडे परत यायची.

चपटा आला. खोक्यातून बाहेर काढला तेव्हा बाईंनी तो पुढून बघितला, मागून बघितला, आणि त्यांचा चेहरा पडला.

“अगं बाई, ही तर पाटी!”

तेव्हापासून त्याचं नाव पाटी. तिसरीत जिला सोडून आल्या ती म्हातारपणी शोधत घरी आली, असं बाईंना वाटलं. पाटी ठेवली, तर टेबलाच्या खड्ड्यात तिचा पाय बसेना; ती दारू प्यायल्यासारखी एका अंगाला कलली. खाली पुठ्ठा घातला. यजमानांना ठेवायला पाटीला डोकंच नव्हतं, म्हणून त्यांना तात्पुरतं पावत्या छापायच्या प्रिंटरवर बसवलं. पहिलंच पान निघाल्याबरोबर ते थरथरत कडेला सरकले. मांजरीने सवयीने उडी मारली, हवेत तिच्या लक्षात आलं, पण तोवर उशीर झाला होता. ती पलीकडे कचऱ्याच्या टोपलीत पडली आणि उरलेला दिवस कुणाशी बोलली नाही. डबा कोपऱ्यात गेला. भंगारवाल्याने त्याला उचलून बघितलं आणि परत ठेवलं. “घेईन बाई,” तो म्हणाला, “पण न्यायचे तुम्ही काय द्याल?”

खरी गंमत पहिला फोटो उघडल्यावर झाली. एका बाळाचा फोटो होता.

“किती फिकट!” बाई स्टुलावरून म्हणाल्या. “पोराच्या अंगात रक्त आहे की नाही?”

“फिकट कुठे? चांगलं आहे की,” खुर्चीतून मुलगा म्हणाला.

“मला तर काळं दिसतंय,” खाली पुठ्ठा सारखा करत बसलेली सूनबाई म्हणाली.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग बाई खाली उतरल्या, तसं बाळ सावळं होत गेलं. सूनबाई उठली, तसं ते गोरं होत गेलं. पाटी उंचीप्रमाणे माणूस दाखवत होती. उंचावरून बघणाऱ्याला गोरा, खालून बघणाऱ्याला काळा. शिंप्याला बोलावून मधल्या उंचीचा अंदाज घेतला, तर त्याला बाळ लठ्ठ दिसलं. पण त्याने ते आधीच ठरवलेलं होतं. मुलाने जावयांना फोन केला. जावई म्हणाले, “आमच्या ऑफिसात कुणी असं वरखाली करत नाही. सगळे बसून काम करतात.”

बाईंनी निकाल दिला. हं कोण म्हणतं? बाई. मग पाटीने बघायचं कुणाकडे? बाईंकडे. पाटी मागे कलती केली, आणि ती तोंड वर करून स्टुलाकडे बघू लागली. बाईंना चित्र अगदी लख्ख दिसू लागलं. खुर्चीत बसणाऱ्या मुलाला मात्र सगळं अंधारात गेलं, म्हणून तो उभ्याने काम करू लागला. आईच्या घरात मुलाने उभं राहावं, यात वावगं काही नव्हतं.

अशात ते मोठं काम आलं. पलीकडच्या सरकारी ऑफिसातल्या सगळ्यांना नवी ओळखपत्रं हवी होती. त्यासाठी फोटो काढायचे होते. ऑफिसातले साहेब स्वतः आले. मागची भिंत पांढरी हवी, दोन्ही कान दिसले पाहिजेत, चेहऱ्यावर हसू नको, आणि घाई आहे.

“हसू नको म्हणजे तुमच्याकडे काम सोपं,” बाई म्हणाल्या.

साहेबांना घाई इतकी होती, की छापलेले फोटो स्टुडिओत परत न येता लॅबमधून बंद पाकिटाने थेट त्यांच्याकडे जायचे ठरले. समोरच्या फोटोवाल्याचा हे काम मिळवायला साहेबांना वाकून नमस्कार करून झाला होता. त्यामुळे हे फोटो म्हणजे बाईंच्या डोळ्याचा, घराण्याच्या अब्रूचा आणि त्या ‘हं’चा प्रश्न झाला.

कर्मचारी आले, कान दाखवून गेले. मुलगा उभ्याने कामाला लागला. पाटीवर सगळ्यांचे चेहरे तजेलदार, गुलाबी. बाईंच्या कपाळाला आठ्या.

“लाली उतरव.”

मुलाने उतरवली.

“अजून.”

“आई, एरवी एवढ्यात हिरवट दिसायला लागतात. हे दिसतच नाहीत.”

“पाटी नवी आहे, अंगात ताकद आहे. आजार लागायला वेळ लागणारच. अजून उतरव.”

मुलगा उतरवत गेला. हळूहळू साहेब शेवाळले. मग टायपिस्ट शेवाळली. शिपाई तर असा दिसू लागला, की कुणीही त्याला खुर्ची दिली असती. तेव्हा कुठे मागून आवाज आला: हं.

सूनबाई दारात उभी होती. “आई, नवी पाटी आहे. एकच फोटो आधी छापून बघूया का?”

स्टूल करकरलं. “म्हणजे माझ्या हंची परीक्षा घ्यायची?”

“तसं नाही…”

“दुसरीनंतर मी परीक्षा दिली नाही, आणि आता देणारही नाही.”

फोटो लॅबकडे गेले. लॅबमधून पाकीट साहेबांकडे गेलं. साहेबांनी ते न उघडता मुख्य कार्यालयात पाठवलं, कारण उघडून बघणं हे वरच्यांचं काम होतं. वरच्यांनी उघडलं.

दोन दिवसांनी ऑफिसचा शिपाई पेढे द्यायला यावं तशा चेहऱ्याने स्टुडिओत आला. “बाई, तुमच्या हाताला काय यश आहे!”

बाई सावरून बसल्या. “आवडले ना फोटो?”

“आवडले? सगळ्यांना रजा मिळाली!”

मग हळूहळू उलगडा झाला. वरच्यांनी पाकिटातून एकेक फोटो काढला, तर एकेक माणूस हिरवा. एखादा असता तर त्यांनी सोडून दिलं असतं. पण साहेबांपासून शिपायापर्यंत सगळेच तसे बघितल्यावर त्या ऑफिसात साथ आली आहे अशी त्यांची खात्री पटली. डॉक्टरांची गाडीच आली. सगळ्यांच्या जिभा, डोळे, नखं तपासली. पाण्याची टाकी ओतून दिली. निकाल येईपर्यंत सगळ्यांना भरपगारी रजा.

“एक विचारू?” शिपाई जाता जाता म्हणाला. “माझा भाऊ दुसऱ्या खात्यात आहे. त्याचाही असाच एक काढाल का?”

समोरचा फोटोवाला रस्ता ओलांडून आला नाही. तो तिथूनच खोकला. त्या खोकल्यात काय काय होतं ते बाईंना पुरेपूर कळलं.

मग साहेब आले. त्यांना रजा नव्हती; साथीच्या काळात मुख्य माणसाने जागेवर राहायचं असतं. रिकाम्या ऑफिसात एकटे बसून बसून ते खरंच जरा हिरवट दिसत होते.

“बाई, डॉक्टर म्हणतात आम्हाला काही झालेलं नाही.”

“मग चांगलंच आहे की.”

“चांगलं कसलं? ठणठणीत असल्याच्या दाखल्यावर फोटो चिकटवावा लागतो. आमच्याकडे फोटो तुमचाच. तो चिकटवला, की वरचे म्हणतात, दाखल्यात ठणठणीत लिहिलंय पण फोटोत माणूस आजारी आहे, खुलासा करा. नवा फोटो काढायचा, तर म्हणतात आधी बरे झाल्याचा दाखला आणा.”

बाईंना काय बोलावं सुचेना. असं त्यांच्या आयुष्यात क्वचितच झालं होतं, आणि झालं तेव्हा यजमानांनी तो दिवस मनातल्या मनात साजरा केला होता.

उत्तर सूनबाईने शोधलं. तिने कोपऱ्यातला डबा परत तारेला जोडला. बाईंना म्हणाली, “आई, एक मारा.” बाईंनी मारली. विश्रांतीने असेल, पण डबा जागा झाला. मग तिने पाटीवर आणि डब्यावर एकच फोटो लावला. साहेबांचा, मुळातला, काहीही न केलेला. पाटीवर साहेब होते तसे गव्हाळ. डब्यावर तेच साहेब शेवाळलेले.

मांजर डब्यावर जाऊन बसली.

“म्हणजे,” बाई सावकाश म्हणाल्या, “माणसं आजारी नव्हतीच.”

“नाही.”

“डबा आजारी होता.”

“त्याच्यातला लाल रंग गेला होता, आई. हळूहळू गेला असणार, म्हणून कळलं नाही.”

“आणि इतकी वर्षं आपण त्याची पथ्यं सांभाळत बसलो.”

मुलगा टेबलाच्या खड्ड्याकडे बघत म्हणाला, “आई, तू आता जरा आराम कर.”

आराम! बाईंना कुणी शिवी दिली असती तर त्यांनी दोन परत दिल्या असत्या. आरामाला काय परत देणार? संध्याकाळी त्यांनी बघितलं, तर स्टूल बाहेरच्या खोलीत गेलं होतं, गिऱ्हाइकांच्या बाकाशेजारी. त्यावर कुणाची तरी छत्री टेकवलेली होती. पाटी सरळ झाली होती आणि मुलाकडे बघत होती. मुलगा बसून काम करत होता.

त्यावर मीठ म्हणून सूनबाईने कुठूनसं एक यंत्र आणलं. मुठीएवढं, काळं, शेपटीसारखी तार असलेलं. ते पाटीच्या अंगावर चिकटवायचं, मग पाटी लाल होते, हिरवी होते, निळी होते, आणि ते यंत्र सगळे रंग बघून संगणकाला सांगतं, कुठला कमी, कुठला जास्त. बाईंनी दारातून बघितलं.

“ही पाल काय करते?”

“रंग बरोबर आहे की नाही ते बघते, आई.”

“आणि बरोबर असला की काय म्हणते?”

“म्हणत काही नाही.”

“मुकी तर मुकी,” बाई म्हणाल्या आणि बाहेर जाऊन बसल्या. हयातभराच्या हंच्या जागी एक पाल आली होती, आणि ती बोलण्याचे कष्टसुद्धा घेत नव्हती. त्या दिवसापासून बाई गिऱ्हाइकांना नुसता कंगवा द्यायच्या. कुणी फोटोबद्दल कुरकुरलं तरी आरशाचं विचारायच्या नाहीत. गल्लीत काळजी पसरली. मास्तरांनी शिंप्याला विचारलं, “बाईंची तब्येत बरी आहे ना?” शिंपी म्हणाला, “फोटो काढून बघायला हवा.”

जावई येऊन गेले. पाटीकडे बघून म्हणाले, “फोटोच्या कामाला ही नसतेच चालत. त्यासाठी वेगळी येते.”

“हे आधी का नाही सांगितलंत, जावईबापू?”

“तुम्ही चपटा म्हणालात. चपटा आणला.”

यावर सासूने हसायचं असतं. बाई हसल्या.

सुटकेची वाट शेवटी वरच्यांनीच काढली, आणि ती नेमकी बाईंच्या दारात येऊन थांबली. नवे फोटो चालतील; मात्र आधीचे हिरवे होते ते छायाचित्रकाराच्या चुकीने, असं स्टुडिओच्या मालकाने लिहून द्यावं, आणि त्या कबुलीवर मालकाचा ताजा फोटो लावावा. साहेब हे सांगायला आले आणि म्हणाले, “मालक म्हणजे तुमचे चिरंजीव ना?”

चिरंजीवांनी आईकडे बघितलं. स्टुडिओ बाईंच्या नावावर होता. यजमानांनी तो तसा केला होता, कारण बाईंनी त्यांना तसं करायला सांगितलं होतं.

बाईंनी जन्मभर लोकांना त्या पांढऱ्या भिंतीसमोर बसवलं होतं. हनुवटी वर, मान सरळ, श्वास सोडा. स्वतः मात्र त्या तिथे कधी बसल्या नव्हत्या. आता बसल्या. दिवे अंगावर आले. मुलगा घाबरत म्हणाला, “आई, हनुवटी जरा…” आणि गप्प झाला. हनुवटी वरच होती.

फोटो पाटीवर उघडला. साहेब, शिंपी, सूनबाई, मुलगा, सगळे मागे उभे. शिंप्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो साहेबांच्या सदऱ्याचं बटण लावायच्या निमित्ताने आला होता. मुलगा खुर्चीतून उठला. “बस, आई.”

बाई बसल्या. पाटी त्यांच्यासमोर ताठ उभी होती. डब्यावर माणसं कशी मऊ दिसायची, दुधाच्या सायीतून बघितल्यासारखी. पाटीला माया नव्हती. कपाळावरची प्रत्येक आठी वेगळी, डोळ्यांखालच्या पिशव्या भरलेल्या, ओठांभोवती बोचक्याची नाडी आवळल्यासारख्या चुण्या, आणि हनुवटीवर एक केस, ज्याची बाईंना आजवर कल्पनाच नव्हती. पालीने रंग बघून ठेवला होता. रंग अचूक होता.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा घातला. मग म्हणाल्या, “ही मी नाही.”

सूनबाई हळूच म्हणाली, “आई, थोडं पुसू का? डोळ्यांखालचं तेवढं?”

बाईंचं तोंड ‘पूस’ म्हणायला उघडलंही होतं. एवढ्यात मागून शिंप्याचा आवाज आला. अगदी मायेने.

“बाई, घरात आरसा नाही वाटतं?”

मुलाने डोळे मिटले. साहेबांच्या बटणाचा दोरा शिंप्याच्या हातात लोंबत राहिला. बहुतेक आपण काय बोललो ते त्याला आत्ता कळलं होतं.

बाई वळल्या नाहीत. त्या पाटीकडे बघत होत्या. पुसलं, तर या गल्लीत आजवर त्यांनी माघारी पाठवलेलं प्रत्येक टक्कल, प्रत्येक बसकं नाक, प्रत्येक पुढे आलेला दात उद्या सकाळी पायऱ्यांवर येऊन उभा राहणार, आणि त्यांची कुणाचीच चूक नसणार. न पुसलं, तर ही कोण म्हातारी आहे ती आपल्या नावाने सरकारात जाऊन बसणार, आणि तिथून कधी परत यायची नाही.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. मान तिरकी केली. एक डोळा बारीक केला.

“हं.”

आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, पण आला. मुलाने डोळे उघडले. शिंपी पुन्हा बटण लावू लागला, आणि गडबडीत त्याने ते चुकीच्या काजासमोर शिवलं.

साहेबांनी एकदा पाटीकडे बघितलं, एकदा बाईंकडे. ते म्हणाले, “आमचे नवे फोटोही असेच बघून द्याल ना तुम्ही? जी बाई स्वतःला पास करते, ती आमच्यात काही लपवायची नाही.”

“ते यंत्र बघतं की आता,” बाई म्हणाल्या.

“ते रंग बघतं,” सूनबाई म्हणाली. “माणूस कोण बघणार?” आणि बाहेर जाऊन ती स्टूल घेऊन आली. छत्री तिने मास्तरांच्या जिन्यात नेऊन ठेवली. ती त्यांचीच निघाली. “पण आई, एक अट. पहिला फोटो आधी छापून बघायचा.”

“परीक्षा?”

“हो, परीक्षा.”

बाईंनी विचार केला. “तिसरीची असेल तर देते.”

सगळे चहाला आत गेले. बाई म्हणाल्या, आलेच. खोलीत त्या, पाटी आणि डब्यावरची मांजर एवढीच उरली. पाटीवर म्हातारी अजून बसलेली होती, हनुवटीवरच्या केसासह. बाईंनी दाराकडे एकदा बघितलं, मग एक बोट पाटीच्या वरच्या कडेवर ठेवून तिला हलकेच पुढे वाकवलं. पाटीने मान खाली घातली. तशी ती म्हातारी उजळत गेली. चुण्या विरल्या, पिशव्या रिकाम्या झाल्या, केस कुठल्या कुठे गेला, आणि आत एक गोरी, गुळगुळीत, दुसरी पास झालेली बाई राहिली.

“हं,” बाई अगदी हळू म्हणाल्या.

मांजरीने एक डोळा उघडला आणि ती बाईंकडे बघत राहिली.

“तू काय बघतेस?” बाई म्हणाल्या. त्यांनी पाटी पुन्हा सरळ केली, सुईदोऱ्याच्या डबीतून कात्री काढली, आणि आरसा शोधायला आत गेल्या.